बिनचूक मापाची गाडी

जी वस्तू व्यवस्थित चालते, तिच्यातच सुधारणेला खरा वाव असतो. बंद पडलेली वस्तू माणूस नाइलाजाने दुरुस्त करतो आणि मोकळा होतो. त्यात ना डोकं लागतं ना रविवार. चालत्या वस्तूचं तसं नाही. ती चालते आहे याचा अर्थ ती याहून चांगली चालू शकली असती, आणि तशी ती चालत नाही ही कुणाची तरी जबाबदारी आहे. आजवरची सगळी प्रगती अशी जबाबदारी अंगावर घेणाऱ्या माणसांनीच केली. (त्या वस्तू पुढे चालल्या का, याची आकडेवारी उपलब्ध नाही.)

अधीक्षक हे अशा माणसांपैकी एक. वजनमापे खात्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली. त्यांची पावलं वाजली की बाजारातले तराजू आपोआप सरळ होत, असं खात्यात म्हणत. ‘माप आधी, काम मागाहून’ हे वाक्य त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं आणि निवृत्त होताना काचेसकट घरी आणलं. घरातही त्यांचा तोच शिरस्ता. स्वयंपाकघरातला ओटा त्यांनी स्वतः भिंतीपाशी उभं राहून, कोपरापासून जमिनीपर्यंतचं अंतर तीनदा मोजून बांधून घेतला आणि बावीस वर्षांत तो केसभरही खचलेला नाही. (त्यांची पत्नी ओट्यापाशी एका लाकडी खोक्यावर उभी राहून काम करते. खोकं मजबूत आहे.)

पत्नीला सगळे सिस्टर म्हणतात, चारचौघांत अधीक्षकसुद्धा. मोठ्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डाच्या त्या प्रमुख. उंची चार फूट दहा इंच. एवढ्याशा बाईला बघून डॉक्टर खिशातले हात बाहेर काढतात, असा त्यांचा दरारा. गाडी त्यांची होती, म्हणजे त्यांच्या वडिलांची. एकोणीस वर्षांपूर्वीची, दुधी रंगाची, छोटी, मागे पाचवं दार असलेली. वडिलांनीच त्यांना ती चालवायला शिकवली. ते डावीकडे बसत आणि तिथे नसलेला ब्रेक इतक्या जोरात दाबत, की त्यांच्या पायाखालच्या मॅटला खळगा पडला होता. सिस्टर वॉर्डाच्या प्रमुख झाल्या, त्या सकाळी त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर गाडी इस्पितळाच्या फाटकातून आत घातली. शेजारी बसलेले वडील उतरताना म्हणाले होते, “ज्या दिवशी इथून सुटशील ना, त्या दिवशी हिच्यातूनच घरी ये.” वडील सहा वर्षांपूर्वी गेले. वाक्य राहिलं.

अधीक्षकांना गाडी चालवता येत नव्हती. परवान्याच्या परीक्षेला ते दोनदा बसले आणि दोन्ही वेळा मागे घेताना खांब आडवा आला. (खांबाची जागा चुकली होती असा त्यांचा लेखी अभिप्राय आहे.) पण मापाड्याने धान्य पिकवलंच पाहिजे असं कुठे आहे?

तर, निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात गाडीच्या डाव्या खिडकीची काच खालीवर करायचं हँडल तुटलं. कोपऱ्यावरच्या फिटरने पाहिलं आणि दहा मिनिटांचं काम आहे म्हणून सांगितलं. अधीक्षकांना वाईट वाटलं. दहा मिनिटांचं काम दहा मिनिटांत उरकणाऱ्या माणसांमुळेच सगळं जिथल्या तिथे राहतं, हे त्यांनी फिटरला समजावलं. हँडल एकटं तुटत नसतं. ते तुटतं, कारण एकूण व्यवस्था जुनी झालेली असते. तेव्हा गाडी घरामागच्या शेडमध्ये घ्यावी आणि तिचा सर्वांगीण विकास घरच्या घरी करावा असं ठरलं. ठरवणाऱ्या सभेला अधीक्षक हजर होते.

सिस्टरच्या निवृत्तीला तेव्हा चौदा महिने होते. त्यांनी एवढंच विचारलं, “महिन्याअखेर होईल ना?” अधीक्षक म्हणाले, महिना फार झाला.

आता ज्यांनी असं काम कधी केलेलं नाही, त्यांना चौदा महिने जास्त वाटतील. त्यांच्यासाठी कामाचा क्रम देणं भाग आहे. हँडलऐवजी काचेला बटण बसवलं. बटणाला वीज लागते म्हणून वायरिंग बदललं. वायरिंग नवं आणि दिवे जुने हे बरं दिसेना, म्हणून एलईडी दिवे आले. दिव्यांच्या प्रकाशात चाकं जुनाट दिसू लागली, म्हणून रुंद अलॉय व्हील आणली. रुंद चाकं मडगार्डला घासू लागली, म्हणून मडगार्ड कापलं. एवढ्या सगळ्याला मोठी बॅटरी हवी होती. मोठी बॅटरी पुढे मावेना, म्हणून ती मागे गेली. ती मागे गेली म्हणून जादा चाक बाहेर आलं आणि बेडरूममधल्या कपाटावर गेलं. आणि बॅटरीच्या शेजारी जागा उरली ती वाया जाऊ नये म्हणून मागचं बाक काढून तिथे ढोलाएवढे स्पीकर बसवले. नाकापेक्षा मोती जड झाला असं शेजारी म्हणाले. अधीक्षकांनी नाकही वाढवायला घेतलं: मागच्या दारावर स्पॉयलर चढवला. (स्पॉयलर हा पंख एकशेवीसच्या पुढच्या वेगात गाडीला जमिनीला धरून ठेवतो. सिस्टरच्या रस्त्यावर चाळीसची मर्यादा आणि शहात्तर गतिरोधक आहेत. गाडी जमिनीला धरून होती याबद्दल दुमत नाही.)

प्रत्येक शनिवारी फ्रिजच्या दारावर प्रगती अहवाल लागायचा. पहिल्या महिन्यात काम नव्वद टक्के झालं होतं. पाचव्यात ब्याण्णव. अकराव्यात एक्क्याऐंशी, मधल्या काळात कामाची व्याप्ती वाढली होती. बाहेर काढलेले सुटे भाग चारशे बारा, परत बसवलेले तीनशे अठ्ठ्याऐंशी, ओळख न पटलेले चोवीस. हे चोवीस भाग एका बरणीत ठेवून तिच्यावर ‘प्रलंबित’ अशी चिठ्ठी लावली होती. बत्तीस वर्षांच्या नोकरीत अधीक्षकांनी प्रलंबित या शब्दाला कधी दगा दिला नव्हता.

सिस्टर रोज दोन बस बदलून कामाला जात होत्या. मधे एक पादचारी पूल होता, त्याला अठ्ठावन्न पायऱ्या. सकाळी निघताना त्या शेडकडे बघत आणि संध्याकाळी आल्यावर खोक्यावर उभ्या राहून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत. खिडकी शेडवरच उघडायची. चहाचा कप खिडकीतून बाहेर यायचा आणि रिकामा आत जायचा. चौदा महिन्यांत त्यांनी तीनदा विचारलं. पहिल्यांदा, “झाली का?” दुसऱ्यांदा, “होईल का?” तिसऱ्यांदा त्यांनी गाडीविषयी विचारलंच नाही. शेडबाहेर टाकलेल्या ढिगात ती खळगा पडलेली मॅट दिसली, तेव्हा ही फेकणार आहात का, एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता उचलून आत नेली. मग ती खोक्याखाली घातली. त्यामुळे खोकं सरकायचं थांबलं.

अधीक्षकांच्या मनात खोट नव्हती, हे नोंदवलं पाहिजे. ते हे सगळं तिच्यासाठीच करत होते. निवृत्तीच्या दिवशी, एकतीस तारखेला, तिला इस्पितळाच्या फाटकात नव्या कोऱ्या गाडीची किल्ली द्यायची, सगळा वॉर्ड बघत असेल, ती गाडी चालवत घरी येईल आणि आपण डावीकडे सासऱ्यांच्या जागी बसू, हे चित्र त्यांनी इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की कधी कधी स्पॅनर हातात धरून त्यांचे डोळे भरून येत. म्हणून तर शेवटचे तीन महिने त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि सिस्टरना शेडमध्ये यायची बंदी केली. सुखद धक्का द्यायचा तर गुप्तता पाळावी लागते.

याच गुप्त टप्प्यात सीटचं काम झालं.

चालकाची जुनी सीट रुळांवर मागेपुढे सरकायची आणि वळणावर कटकट आवाज करायची. अधीक्षकांनी निदान केलं: जे सरकतं ते सैल असतं. खात्यातही त्यांनी लोकांना बसायची बाकं जमिनीला ठोकून घेतली होती आणि त्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं होतं. त्यांनी शर्यतीच्या गाडीत असते तशी खोलगट बकेट सीट मागवली आणि ती रुळांशिवाय थेट तळाला वेल्ड करायचं ठरवलं. आता एकदा वेल्ड झालेली सीट हलत नाही. म्हणजे माप अचूक हवं. अधीक्षक सीटवर बसले. गुडघा ते क्लच, खांदा ते स्टिअरिंग, डोळा ते काच अशी अकरा मापं घेतली, प्रत्येक माप तीनदा, आणि सरासरी काढली. फिटर वेल्डिंगचा चष्मा चढवताना म्हणाला, “साहेब, टाका मारायच्या आधी बाईंना एकदा बसवून बघू या.” अधीक्षक हसले. धक्का तिलाच द्यायचा आणि बसवायचं पण तिलाच, हे कसं जमावं? शिवाय मापं घेतलेलीच होती. फिटरने टाका मारला. सीट अशी बसली की गाडी उलटी केली तरी पडली नसती.

जुनी सीट टाकवेना. तिला चार पाय लावून अधीक्षकांनी ती गॅलरीत ठेवली. सिस्टर संध्याकाळी तिच्यावर बसून पाय चोळत.

एकतीस तारीख उजाडली. अहवालात काम शंभर टक्के पूर्ण होतं. (बरणी तशीच होती.) सिस्टर शेवटच्या दिवशीही दोन बस बदलून कामाला गेल्या. जाताना म्हणाल्या, “येताना गाडी येणार ना हो?” अधीक्षकांनी नुसती मान हलवली. बोलले असते तर गुपित फुटलं असतं. ते सकाळपासून तीनदा दाढी करून बसले होते.

दुपारी चार वाजता फिटरने गाडी इस्पितळाच्या फाटकात आणून उभी केली. फिटर उंचीने अधीक्षकांच्या बरोबरीचा, त्यामुळे वाटेत काहीच अडचण आली नाही. उलट तोही म्हणाला, सीट झकास झाली. फाटकात सगळा वॉर्ड जमला होता. डॉक्टर, नर्सा, सफाईवाल्या मावशी, हाताला प्लास्टर घातलेली दोन मुलं. दुधी गाडी चकाकत होती. सिस्टर फुलांचा गुच्छ घेऊन बाहेर आल्या, गाडीपाशी थांबल्या आणि त्यांनी टपावरून एकदा हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अधीक्षकांनी किल्ली पुढे केली. चौदा महिन्यांचं चीज झालं असं त्यांना वाटलं, आणि त्या क्षणापुरतं ते खरंही होतं.

सिस्टर आत बसल्या आणि दिसेनाशा झाल्या.

सीट खोल होती. बाहेरून फक्त पांढऱ्या टोपीचं टोक दिसत होतं. मावशींनी वाकून काचेतून पाहिलं आणि इतरांना सांगितलं, “आहेत, आहेत. आतच आहेत.”

त्यानंतर जे प्रयत्न झाले त्यांचा गोषवारा असा. खाली एक उशी घातली: रस्ता दिसला, पाय क्लचपासून वीतभर वर लोंबकळले. उशी पाठीमागे घातली: पाय पोचले, रस्ता गेला. खाली दोन आणि पाठीला दोन, अशा वॉर्डातून आणलेल्या चार उशा घातल्या: पाय पोचले, रस्ता दिसला, पण छाती हॉर्नवर टेकली. नवा हॉर्न ट्रकचा होता. प्लास्टर घातलेल्या मुलांना हा प्रयत्न सर्वांत आवडला. कुणीतरी सीट पुढे घ्या म्हणालं. फिटर जमिनीकडे बघत राहिला.

अधीक्षकांनी खिशातून वही काढून मापं पुन्हा तपासली. एकही चूक नव्हती. बत्तीस वर्षांत त्यांचं माप चुकलं नव्हतं आणि आजही ते बिनचूकच होतं. चुकला होता तो फक्त माणूस. ज्याच्या मापाची सीट होती त्याला गाडी चालवता येत नव्हती, आणि जिला चालवता येत होती तिचा पाय पोचत नव्हता.

सिस्टर उतरल्या. त्यांनी चारही उशा मोजून मावशींकडे दिल्या, कारण त्या वॉर्डाच्या होत्या. मग नवऱ्याकडे वळल्या.

“अहो, चौदा महिन्यांत एकदा हाक मारायची होतीत. मी खिडकीतच तर होते.”

“तुला धक्का द्यायचा होता गं,” अधीक्षक म्हणाले.

“बसला,” सिस्टर म्हणाल्या.

त्या गाडीला वळसा घालून डावीकडे, वडिलांच्या जागेवर जाऊन बसल्या. फिटरने गाडी सुरू केली. मागे बाक नव्हतं, बॅटरी आणि स्पीकर होते, त्यामुळे अधीक्षकांनी कुठे बसावं हा प्रश्न निघाला आणि लगेच मिटला. सिस्टरनी पर्समधून बसचा पास काढून खिडकीतून त्यांच्या हातात दिला. खिडकीची काच बटणाने सुरेख वर गेली. हँडलचं काम निर्विवाद उत्तम झालं होतं.

अधीक्षकांना घरी पोचायला एक तास पन्नास मिनिटं लागली. पहिल्या बसमध्ये ते उभे होते, दुसरीत लोंबकळत. पुलाच्या पायऱ्या त्यांनी सवयीने मोजल्या. अठ्ठावन्न चढायच्या होत्या हे त्यांना ठाऊक होतं. अठ्ठावन्न उतरायच्याही असतात, हे कुठल्याच अहवालात आलं नव्हतं. रोज दोन वेळा, महिन्याचे पंचवीस दिवस, चौदा महिने, असा गुणाकार त्यांनी पुलाच्या मध्यावर उभं राहून मनातल्या मनात मांडला आणि अर्ध्यावर सोडून दिला. आयुष्यात पहिल्यांदाच एक आकडा त्यांना नको झाला. त्यांना लाज वाटली. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, असं मनात आणून पाहिलं, पण ते वाक्य त्या पुलावर काही टिकलं नाही.

घरी सिस्टर गॅलरीत जुन्या सीटवर बसून चहा पीत होत्या. पांढरी टोपी मांडीवर होती. अधीक्षकांनी समोर उभं राहून घसा साफ केला, वही उघडली आणि ‘सीट पुनःस्थापना, टप्पा पहिला’ असं लिहायला घेतलं.

“वही मिटा,” सिस्टर म्हणाल्या. “फिटरला बोलवा.”

फिटर आला. त्याने टाके कापले, जुनी सीट पाय काढून रुळांवर चढवली आणि सिस्टरना बसवलं. सिस्टरनी खालचा दांडा ओढला, सीट कट् आवाज करत चार खाचा पुढे गेली आणि पाय क्लचवर टेकला. हे काम दहा मिनिटांत झालं. अधीक्षकांनी घड्याळ लावून पाहिलं होतं, पण कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली तारीख होती. सिस्टरना कुठेच जायचं नव्हतं. तरीही नेहमीच्या वेळी त्यांनी खोक्याखालून मॅट ओढून काढली, झटकली आणि गाडीत डावीकडे अंथरली. मग एकट्याच निघाल्या, इस्पितळाच्या फाटकातून आत गेल्या, आवारात वळल्या आणि बाहेर आल्या. पहारेकऱ्याने सलाम ठोकला. आजपासून सुट्टी ना सिस्टर, असं त्याने विचारलं. काल राहून गेलं होतं, त्या म्हणाल्या. एकतीस तारीख अर्थातच परत आली नाही. ती गाडीच्या सुट्या भागांत मोडत नाही.

अधीक्षकांनी या प्रकरणातून धडा घेतला. आता कुठलंही माप घेतलं की ते सिस्टरची सही घेतात. गाडीच्या बाबतीत ही पद्धत अतिशय यशस्वी ठरली आहे आणि ती सर्वांनी अनुसरावी असं त्यांचं मत आहे. ओट्याचा विषय अजून निघालेला नाही. खोकं मजबूत आहे. मॅट गेल्यापासून थोडं सरकतं, इतकंच.

वाचक सुज्ञ आहेत. चौदा महिन्यांत या माणसाला बायकोला एकदा बसवून बघायचं सुचू नये का, असं त्यांच्या मनात केव्हाच आलं असेल आणि ते पोट धरून हसलेही असतील. त्यात गैर काही नाही. फक्त एक विनंती आहे. हसून झालं की पुस्तक उपडं ठेवून आपल्या घरातल्या ओट्यापर्यंत एकदा जाऊन यावं, आणि तो बांधताना भिंतीपाशी कुणाला उभं केलं होतं ते आठवून पाहावं. (जे वाचक रोज ओट्यापाशीच असतात त्यांनी उठायची गरज नाही. त्यांना ते पाठ आहे.)